पालथा पेला

मी एक जुना पेला आहे. चांदीचा नाही, साध्या मातीचा. हे आधीच सांगून टाकतो मित्रांनो, म्हणजे नंतर तुमचा हिरमोड नको. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या एका छोट्या ल्युथरन चर्चमध्ये माझा मुक्काम असतो. मंडळीतल्याच एका निवृत्त शिक्षिकेने मला चाकावर घडवलं आणि निळसर झिलई दिली. तिच्या अंगठ्याचा ठसा माझ्या तळाशी अजून आहे.

तेव्हा माझा तोरा काय विचारता! दर रविवारी पास्टरबाई मला दोन्ही हातांनी उचलून म्हणायच्या, "हे मेज आमचं नाही, प्रभूचं आहे. तुमचा विश्वास पक्का असो की डळमळता, तुमचं प्रेम कुणावरही असो, तुम्ही कुठल्याही देशातून आलेले असा, या. कृपा कमवावी लागत नाही, ती मिळते." मग सगळे प्रभुभोजनाचा द्राक्षारस माझ्यातूनच घ्यायचे. ट्रक चालवणारी बाई, प्राध्यापक, एकमेकांशी लग्न केलेले दोन पुरुष, नुकताच तुरुंगातून सुटलेला एक म्हातारा. प्रत्येकानंतर माझी कड पुसायची आणि मला थोडं फिरवायचं, एवढीच काय ती खबरदारी. या मंडळींना समित्यांचा भारी सोस, पडदा बदलायचा तरी तीन बैठका. पण पेला एकच असावा यावर कधी वाद झाला नाही.

मला सांभाळायचं काम मार्लिसबाईंचं. मला विसळल्यावरचं पाणी त्या सिंकमध्ये कधी ओतत नसत, मागच्या दारी लायलॅकच्या झुडपाला घालत. पवित्र द्राक्षारसाचा थेंबही गटारात जाऊ नये, अशी इथली रीतच आहे.

मग कोरोनाची साथ आली. मार्लिसबाईंचे यजमान लाइल पहिल्याच हिवाळ्यात गेले. मंडळीने अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे पेले आणले आणि माझी रवानगी कपाटात झाली. साथ ओसरली, तरी माझा विषय निघाला की मार्लिसबाई बैठकीतून उठून जायच्या. पाच वर्षं अशी गेली. मला फार वाईट वाटायचं. शेवटी तोडगा निघाला, की मला दाराजवळच्या काचेच्या कपाटात शोभेला ठेवायचं.

त्या रविवारी उपासना आटोपल्यावर मार्लिसबाईंनी मला धुतलं, स्वयंपाकघरात सिंकशेजारी फडक्यावर ठेवलं आणि कपाटाची किल्ली आणायला गेल्या.

आमचा तळघरातला हॉल महिन्यातून एकदा महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांना वंदनेसाठी दिलेला असतो. त्यांच्यातली मीरा खाली खुर्च्या मांडत होती. तिचे वडील रामभाऊ नुकतेच नागपूरहून आले होते. पंचाहत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांना तहान लागली. ते वर आले, मला उचललं, नळाखाली धरलं आणि तोंडाला लावलं. पाच वर्षांनी मला कुणाचे तरी ओठ लागले होते.

तेवढ्यात दारात मार्लिसबाई उभ्या राहिल्या. "नो, नो, ते तुमच्यासाठी..." असं इंग्रजीत म्हणून त्या मधेच थांबल्या.

रामभाऊंना इंग्रजी बेताचंच, पण एवढं कळायला ते पुरेसं होतं. त्यांनी मला ओठांपासून दूर केलं; माझ्यात अजून निम्मं पाणी उरलं होतं. मार्लिसबाईंचा आवाज ऐकून मीरा धावत वर आली.

"सॉरी मार्लिस, बाबांना माहीत नव्हतं. वी आर सो सॉरी." तिला हॉलची काळजी होती. हॉल गेला तर बारा कुटुंबं कुठे जाणार?

"सॉरी कशाला म्हणतेस?" रामभाऊ म्हणाले. "त्यांना विचार, कप बाटला का?"

"बाबा, प्लीज. इथे तसं काही नसतं."

"मग बाई मधेच का थांबल्या? माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमचा कप बाहेर वळचणीला असायचा. प्यायचं, आपणच धुवायचा अन् पालथा ठेवायचा. चहावाला त्याला हात लावत नव्हता. मला एवढंच कळू दे, हाही धुऊन पालथा ठेवायचा का?"

मीराने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मित्रांनो, मी भट्टीत भाजून निघालो आहे, पण तेवढा चटका मला तिथेही बसला नव्हता.

मार्लिसबाई दारातून आत आल्या. मग म्हणाल्या, "लाइल गेल्यापासून मला जंतूंची भीती वाटते. पण मघाशी मी बोलले ते जंतूंमुळे नाही. अनोळखी माणूस दिसला आणि तोंडातून निघून गेलं. बाहेर 'सर्वांचं स्वागत' अशी पाटी आहे ना, ती मीच रंगवली आहे."

मीराने वडिलांना ते सांगितलं. रामभाऊंनी मान हलवली, पण मला हातातून सोडलं नाही.

मार्लिसबाईंनी हात पुढे केला. रामभाऊंनी मला त्यांच्या हातात दिलं. मला वाटलं, आता उरलेलं पाणी लायलॅकला. पण त्यांनी माझी कड पुसली नाही, मला फिरवलंही नाही. रामभाऊंचे ओठ जिथे लागले होते तिथूनच त्या डोळे मिटून, कडू औषध घ्यावं तशा प्यायल्या. घोटभर उरवून त्यांनी मला परत रामभाऊंच्या हातात दिलं आणि मागचं दार उघडलं. ते पाणी रामभाऊंनी झुडपाला घातलं.

आत आल्यावर रामभाऊंनी मला विसळलं आणि जुन्या सवयीने फडक्यावर पालथं घातलं. क्षणभर ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच मला उचलून सुलटं ठेवलं. मार्लिसबाईंनी कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली.

पुढच्या रविवारी मी वेदीवर होतो. काहींनी अजूनही छोटे पेलेच घेतले. त्यांची भीती मी समजू शकतो.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्याही स्वयंपाकघरात, कामाला येणाऱ्या मावशींसाठी म्हणून, एखादा कप वेगळा ठेवलेला असेल. आज तो घासा, पुसा आणि बाकीच्या कपांमध्ये ठेवा. आणि उद्या त्यातून चहा तुम्ही प्या.