पदूदादांची हजेरी

लोकांचं ऐकून कसं घ्यावं हे मी एका दिवसात शिकवते, जेवणाची सुट्टी धरून. कंपन्या मला बोलावतात, आपले सुपरवायझर आणि लाइन लीडर माझ्यासमोर आणून बसवतात आणि संध्याकाळी त्यांच्या हातात प्रमाणपत्र देऊन मोकळ्या होतात. हुकूम सोडण्याआधी माणसाचं ऐका, त्याला मध्येच तोडू नका, बोलताना मोबाइल पालथा ठेवा, असं मी सांगते. त्यातलं काहीही खोटं नाही. फक्त बारा वर्षांत शिबिरानंतर मोबाइल पालथा ठेवणारा एकही साहेब मी पाहिलेला नाही.

खालापूरच्या अलीकडे बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या एचआरचा प्रमुख अनुपम, कर्जतला माझ्याच शाळेत दोन वर्गांनी पुढे होता. गेल्या मे महिन्यात त्याने मला बारा लाइन लीडरांचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायला सांगितलं. कळंबला एका रिसॉर्टचा हॉल घेतला होता. शिबिरानंतर कंपनीच्या वरिष्ठांसमोर मी एक अहवाल मांडायचा आणि तो पसंत पडला तर वर्षभराचं सगळं प्रशिक्षण माझ्याकडे येणार, असं ठरलं. मला ते काम हवं होतं. ते आता लपवण्यात काही अर्थ नाही.

पदूदादा मला तिथे भेटले. वय पन्नाशीचं, गाव भिवपुरीकडचं, बावीस वर्षं एकाच लाइनवर. पहिला अख्खा दिवस त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. मी गटाचा खेळ लावला तर गुडघा दुखतो म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले. मला अशी माणसं आवडतात, कारण ती बोलती झाली की मीच माझी पाठ थोपटून घेते.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट अनुपमने मला आधीच सांगून ठेवली होती. जुलैत भातलावणी सुरू झाली की कारखान्यातले निम्मे कामगार आपापल्या शेतावर जातात. कितीही नोटिसा लावा, मेमो द्या, ते जातातच. मशीन मध्येच बंद ठेवलं तर आत प्लास्टिक थिजून बसतं आणि साफसफाईत दिवस जातो. त्या पंधरवड्यात सगळ्या लाइनी रडतखडत चालतात, पण पदूदादांची लाइन सहा वर्षांत एकदाही थांबलेली नव्हती. पदू माणसांना धाकात ठेवतो, असं अनुपमचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी पदूदादांना बाजूला घेऊन विचारलं, हे तुम्ही कसं जमवता? आणि गप्प बसले. गप्प बसणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात जुना डाव आहे. समोरच्याला शांतता सोसत नाही आणि तो बोलू लागतो.

पदूदादाही बोलू लागले. लावणीच्या आधी ते आपल्या माणसांना एकत्र बसवतात आणि कुणाचं शेत कधी लावायचं हे सगळ्यांच्या मताने ठरवतात. समजा आज जैतूचं शेत आहे. तर जैतू सुट्टी टाकत नाही. दुसऱ्या पाळीतला एक जण सकाळीच येऊन त्याच्या मशीनवर उभा राहतो आणि पुढे आपलीही पाळी करतो, बाकीचे पाच-सहा जण जैतूच्या शेतात उतरतात आणि दुपारी हातपाय धुऊन आपल्या पाळीला हजर होतात. उद्या दुसऱ्याचं शेत, मग जैतू त्याच्या जागी उभा. सगळ्यांची शेतं लागतात आणि मशीन एक तासही थांबत नाही. हजेरी मात्र ज्याची त्याच्या नावावर पडते. कारण चिखलात राबून बोटं सुजलेली असतात, अंगठ्याच्या मशीनवर ठसा उमटत नाही आणि त्या दिवसांत हजेरी वहीत हाताने लिहायची मुभा असते. वही पदूदादांकडे.

"गावात आमी असंच करतो, मॅडम," ते म्हणाले. "तेच आत आनलं. दुसरं काय नाय."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. ज्या विषयावर मी वर्षानुवर्षं बडबडत होते, तो हा माणूस कुणी न शिकवता करत होता. मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. हे मी पुढे कुठे सांगणार आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अहवालातलं सगळ्यात चांगलं पान मी पदूदादांना दिलं. वर त्यांचा हसरा फोटो, खाली हा सगळा प्रकार जसाच्या तसा, जैतूच्या नावासकट, वहीसकट. शेवटी लिहिलं की ज्याच्या शब्दावर माणसं स्वतःच्या खुशीने दुप्पट उभी राहतात, त्याला नेता म्हणतात. ते वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले होते. वरिष्ठांसमोर ते पान आलं तेव्हा टाळ्या येतील म्हणून मी क्षणभर थांबले. मुंबईहून आलेल्या एका साहेबांनी शांतपणे विचारलं, म्हणजे ज्याची हजेरी लागली आहे तो माणूस कारखान्यात नव्हता? दुसऱ्याच्या नावावर उभ्या असलेल्या माणसाचा हात मशीनमध्ये गेला असता तर विम्याचं काय? प्रश्न रास्त होता, हे मला आजही मान्य आहे. अनुपम मोबाइलमध्ये बघत बसला.

आठ दिवसांत पदूदादांना आरोपपत्र मिळालं. खोटी हजेरी. पुरावा म्हणून माझं पान जोडलेलं होतं, फोटोसकट.

चौकशीला बाहेरचे एक वकील बसले होते आणि मला साक्षीला बोलावलं होतं. पदूदादांच्या लाइनवरच्या चौदा जणांनी एकामागून एक येऊन सांगितलं की असं कधी झालंच नाही. वहीवरून काही सिद्ध होत नव्हतं. वकील म्हणाले की आता सगळं मॅडमच्या अहवालावर आहे. मग त्यांनी पदूदादांना विचारलं.

"असं काय घडलंच नाय, साहेब," पदूदादा म्हणाले. "शिबिरात मॅडम चांगल्या चांगल्या गोष्टी सांगत व्हत्या, मंग मीपन एक सांगितली. मॅडमना ती खरी वाटली." मग ते माझ्याकडे वळले. "सांगा ना, मॅडम. गोष्टच व्हती ना ती?"

इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की असेल बाबा, माझी ऐकण्यात चूक झाली असेल. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. मी थोडी हास्यास्पद ठरले असते आणि वर्षभराचं काम गेलं असतं. पण खरं सांगते, कामापेक्षाही मला दुसरंच बोचलं. ऐकण्यात चूक झाली, असं मी म्हणायचं? मी?

"मी जे ऐकलं तेच लिहिलं आहे," मी म्हणाले. "शब्दही त्यांचेच आहेत."

मी जबाबावर सही केली. पदूदादा समोरच्या ग्लासातलं पाणी सावकाश प्यायले आणि त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांना कामावरून काढलं. त्याच आठवड्यात अनुपमचा फोन आला की वर्षभराचं काम तुझं नक्की झालं, तुझा ठामपणा सगळ्यांना आवडला.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेले. माफी मागायला जाते आहे असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे 'जाऊ द्या, मॅडम' हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी निघाले होते. ते घरी नव्हते. कळंबला कुणाच्या तरी बंगल्यावर राखणीला जात होते. त्यांची बायको सोनुबाई अंगणात भात पाखडत होती. मी नाव सांगितल्यावर तिने सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले, आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतले कागद आणले आणि त्यातला एक माझ्यापुढे धरला. त्यावर पदूदादांचा हसरा फोटो होता.

"मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "पोरं वाचत्यात, पन घाईघाईत. तुमी लिवलंय म्हनत्यात, तर तुमीच वाचा."

मी वाचलं. अंगणात उभी राहून, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती मान खाली घालून ऐकत होती आणि तिने मला एकदाही मध्ये तोडलं नाही. नेता म्हणतात ते वाक्यही वाचलं.

"ह्यात तर समदं चांगलंच लिवलंय," ती म्हणाली. "मंग काढलं कशापायी?"

मी सांगायला लागले. हजेरीचे नियम, विमा, कुणाला अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, कंपनीची बाजू, माझा हेतू. मी चांगलं बोलते, मुद्देसूद बोलते. ती तेही सगळं ऐकत राहिली. मला वाटलं, तिला पटतंय.

"नियमाचं ऱ्हाऊ द्या, बाई," शेवटी ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी लोकांचं ऐकायला शिकवता म्हनं. मंग त्या दिशी वकिलाच्या म्होरं आमचे हे तुमाला काय सांगत व्हते, ते ऐकू नाय आलं?"

नाही आलं, असं म्हणता आलं असतं. तिने कदाचित मानलंही असतं.

"आलं होतं," मी म्हणाले.

तिने माझ्या हातातून कागद घेतला, सूप उचललं आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा पाखडायला बसली.