सावली बघणाऱ्याची झोप

मुहन्नाच्या बागेत पुन्हा जास्त पाणी गेलं आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. फोडायला हरकत नव्हती. काठीची सावली खुणेच्या दगडावर पोचली तेव्हा मी काठीसमोरच बसलो होतो, फक्त झोपलो होतो.

आमच्या गावात डोंगरातून येणाऱ्या फलजचं, म्हणजे पाटाचं, पाणी पाळीपाळीने खजुरांना जातं. पाळी कधी संपली ते जमिनीत रोवलेल्या काठीची सावली सांगते, आणि ती बघायचं काम आमच्या घराण्याकडे आहे. घड्याळं सगळ्यांकडे आहेत. पण ज्याचं पाणी चालू असतं, त्याचं घड्याळ नेहमी मागे असतं. म्हणून काठी. सावली बघणारा चुकला, तर ज्याचं पाणी बुडालं त्याला त्याने आपल्या वाट्यातून भरून द्यायचं, असा रिवाज. त्या उन्हाळ्यात मी इतकं भरून दिलं की माझी लिंबाची झाडं उभ्याउभ्या वाळायला लागली.

नुसती झोप असती तर गोष्ट वेगळी. जन्मभर शाळेत मी व्याकरण शिकवलं, आणि आता एकच पान पुन्हा पुन्हा वाचूनही ओळ ध्यानात राहत नव्हती. घरातून निघायचो आणि निम्म्या वाटेत कशाला निघालो तेच विसरायचो. आपलं डोकं संपत आलं, असं मी मनाशी धरून चाललो होतो. लाजेने कोणाला सांगत नव्हतो.

माझी बायको रय्या मात्र हे मानायला तयार नव्हती.

"डोक्याला काही झालेलं नाही. तुम्ही रात्री श्वासच घेत नाही."

"अगं, घोरतो मी. गाढ झोपेत माणूस घोरतोच."

"घोरता तोवर मीही झोपते. तुम्ही थांबता तेव्हा मला जाग येते. मग बसते बघत, आता घेतील, आता घेतील."

निझवा शहरातल्या डॉक्टरणीने एक रात्र अंगाला तारा लावून मला झोपवलं आणि रय्याचंच म्हणणं परत ऐकवलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, दर वेळी मेंदू दचकून अर्धवट जागा होतो. रात्रभर पडून राहूनही झोप होत नाही, मग दिवसा लक्ष टिकणार कुठून? तिने हवा सोडणारं एक यंत्र दिलं आणि नाकावर बांधायचा मुखवटा.

यंत्र घरी आलं त्याच शुक्रवारी, नमाजानंतर, मला गावच्या बैठकीत बोलावणं आलं. काठी मुहन्नाकडे द्यायचं जवळजवळ ठरलं होतं.

"मास्तर, राग मानू नका," मुहन्ना म्हणाला. "पण वय झालं तुमचं. सावली बघायला डोळे उघडे लागतात."

"तुझंही वय तेवढंच आहे."

"पण मी बसल्याबसल्या घोरत नाही ना! आणि काय हो, निझवाहून उंटाची मुसकी आणलीत म्हणे? तोंडाला बांधली की अक्कल येते का?"

सगळे हसले. पाण्याचे कारभारी हिलाल, तेसुद्धा कॉफीच्या पेल्यात तोंड लपवून.

मला चारचौघांत बोलता येत नाही. लग्नातही मी मागे, चपलांजवळ बसतो. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी डोक्याचा फेटा सोडून उशाला घेतला.

"मी इथेच झोपतो," म्हणालो. "तुम्ही ऐका. मग काय ते ठरवा."

"झोपा की!" मुहन्ना म्हणाला. "तेवढं येतंच तुम्हाला."

तेवढं खरंच येत होतं. पेले खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला, पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा मुहन्ना माझे खांदे गदागदा हलवत होता. "मास्तर! अहो मास्तर! श्वास घ्या!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. कोणीतरी पाणी आणायला धावलं होतं.

"मेलेलो नाही," मी म्हणालो. "हे रोज रात्रभर चालतं. आता मुसकी बांधून झोपतो. पुन्हा ऐका."

रय्याने बळेच पिशवीत कोंबलेलं यंत्र मी भिंतीतल्या प्लगला जोडलं आणि सगळ्या गावादेखत आडवा झालो. या खेपेला म्हणे काहीच ऐकू आलं नाही. लोक आपोआप हळू बोलायला लागले.

उठलो तेव्हा हिलाल म्हणाले, "खजूर उतरेपर्यंत काठी मास्तरांकडेच. पण एक चूक झाली, तर मुहन्नाकडे."

"चुकलो तर स्वतः नेऊन देईन," मी म्हणालो. "आणि नाही चुकलो, तर पुन्हा कोणी मागायची नाही."

हे माझ्या तोंडून निघालं यावर माझाच विश्वास बसेना.

सुरुवातीला मुखवटा टोचायचा. झोपेत मी तो ओढून फेकायचो, रय्या पुन्हा बांधायची आणि वर दोन शब्द सुनावायची. हळूहळू वाचलेलं पान लक्षात राहायला लागलं. काही नावं अजून निसटतात, ती बहुधा परत येणार नाहीत. पण सावलीसमोर मी जागा होतो.

खजूर उतरायच्या शेवटच्या दिवसांत मुहन्नाची पाळी होती. तो कॉफीची सुरई घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. पेला भरून दिला.

"मास्तर, कोपऱ्यातली दोन झाडं राहिलीत हो. जरा इकडे तिकडे बघा ना."

मी काठीकडेच बघत होतो. सावली दगडाला टेकली.

"बंद कर."

"अहो, जीव वाचवला मी तुमचा!"

"उपकार झाले. बंद कर."

तो पुटपुटत उठला आणि बागेच्या तोंडाशी दगड बसवला. पाणी वळलं. मी त्याची कॉफी संपवली आणि पेला पुन्हा पुढे केला.