पडद्याबाहेरचा भोंगा

गहिनीनाथने इराणच्या एका सिनेदिग्दर्शकावर पीएचडी करायला घेतली, तेव्हा गावात बातमी पसरली ती अशी, की आश्रुबाचं पोरगं इराणला चाललं. तिथं उंटांच्या डेअरीवर मोठी नोकरी लागलीय म्हणे. बोलायला गावाचं काय जातं! खरं काय ते कळल्यावर लोक आणखीनच हसले. आश्रुबाला मात्र हसू आलं नाही. केजच्या कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवणारा आपला तिशीला टेकलेला मुलगा दार लावून दिवसदिवस तोच सिनेमा पाहतो, मागे नेतो, पुन्हा पाहतो आणि ह्यालाच अभ्यास म्हणतो, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. "दळलेलंच दळण कावून दळतो रं?" एवढं विचारून तो दूध संस्थेकडे निघून जाई.

ज्याच्यापायी हे दळण चाललं होतं त्या दिग्दर्शकाचं नाव होशंग दारियानी. जगभरचे सिनेमावाले त्याला गुरू मानत, त्याची नक्कल करून पोट भरत. त्याच्या सिनेमात काही घडत नाही, निदान पडद्यावर तरी घडत नाही. माणूस चालत राहतो, डोंगर जागचा हलत नाही, आणि महत्त्वाचं जे काय असतं ते पडद्याबाहेर, कडेला कुठेतरी, नुसतं ऐकू येतं. गहिनीनाथच्या प्रबंधाचा सगळा डोलारा ह्या ऐकू येण्यावर उभा होता. पण शेवटच्या प्रकरणाला मार्गदर्शक बाईंनी खोडा घातला होता. हा सिनेमा दुष्काळी मुलखातल्या साध्या माणसांना विद्वानांपेक्षा जास्त कळेल, असं तू लिहितोस. मग तुझ्या गावाला कधी दाखवलास का, असं त्यांनी विचारलं होतं. दाखवला नव्हता. त्याची छातीच झाली नव्हती.

ती व्हायला दोन हजार तेराचा उन्हाळा यावा लागला. गावची जनावरं नांदूरघाटच्या अंगाला उघडलेल्या चारा छावणीत गेली होती आणि माणसं टँकरवर जगत होती. टँकरला ना वेळ ना काळ. पाराजवळ येऊन भोंगा वाजवायचा, माणसं घागरी घेऊन धावायची, आणि जो मागे राहिला तो राहिला. जनावरांबरोबर दूधही आटलं. आश्रुबाने मिसरूड फुटायच्या वयात घरोघर हिंडून उभी केलेली दूध उत्पादक सहकारी संस्था शेवटच्या घटका मोजू लागली. सहकार खात्याने कळवलं, की निम्म्याहून जास्त सभासदांनी आमच्या साहेबांसमोर हात वर करून ठराव केला तर संस्था चालू राहील, नाहीतर अवसायनात निघेल. सरळ सांगायचं तर कुलूप लागेल. एकदा कुलूप लागलं की पाऊसपाणी होऊन जनावरं घरी आली तरी खासगी गाडीवाला म्हणेल त्या भावाने त्याच्या किटलीत दूध ओतायचं. दोन वेळा सभा बोलावली, दोन्ही वेळा माणसं पुरली नाहीत. आता ही शेवटची होती.

त्यात साहेब आधी युसूफ वडगावची सभा उरकून येणार होते. ते दुपारी येतील की दिवस कलल्यावर, ह्याचा नेम नव्हता. माणसं गोळा करता येतील, पण तोवर बसवून कशी ठेवायची, ह्या काळजीने आश्रुबाच्या गळ्याखाली घास उतरेना. तोड काढली चतुराबाईने, गहिनीनाथच्या आईने. भाकरी थापता थापता ती म्हणाली, की पोरगं दिवसभर पिच्चर बघतंच, एक दिवस लोकायला बी दाखवू दे की.

शहाण्या माणसाने अशा वेळी हाणामारीचा हिंदी सिनेमा लावला असता. गहिनीनाथने दारियानीचा लावायचं ठरवलं. बाईंचं प्रकरण पुरं होईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण मनातली खरी गोष्ट वेगळी होती. गावाला आवडला तर अण्णांनाही आवडेल, असं त्याला वाटत होतं. बापाने एकदा म्हणावं, की तू करतोस त्याला काही अर्थ आहे, एवढीच त्याची भूक होती, आणि तिशीतल्या माणसाला ती सांगायची लाज वाटत होती.

सभेच्या दिवशी संस्थेच्या पेंडीच्या गोदामात खिडक्यांना पोती बांधून अंधार केला आणि बसायला खालीही पोती अंथरली. शाळेतून प्रोजेक्टर आणला, भजनी मंडळाचे कर्णे आणले, जनरेटर लावला. पिच्चर म्हटल्यावर घरात कोण थांबतंय! सरपंच आले, सभासद आले, त्यांच्या बायका आल्या, पोरंसोरं आली. मात्र येताना प्रत्येकाने घागर किंवा कळशी आणली आणि दाराबाहेर भिंतीला लावून ठेवली, कारण टँकर आज नाही तर उद्या यायचा होता. त्या घागरी पाहून गहिनीनाथला पुढचं दिसलं. टँकर आला की गोदाम रिकामं होणार, आणि साहेब येऊन रिकाम्या पोत्यांपुढे ठराव मांडणार.

सिनेमा सुरू झाला. एक माणूस उजाड डोंगरातून चालत होता. तो चाललाच होता. दारियानीच्या त्या लांब चालण्यावर गहिनीनाथने किती विद्वत्ता पाजळली होती, पण आता ते चालणं संपता संपेना. मागून कुणीतरी म्हणालं, की ह्याला एखादी जीप तरी द्या बे. कुणी जांभई दिली, कुणी तंबाखू मळायला घेतली, दाराजवळचे दोघे उठून बाहेर डोकावून आले. अंधारात गहिनीनाथचा सदरा पाठीला चिकटला. आपल्या हट्टापायी बापाची संस्था बुडते आहे, हे त्याला लख्ख दिसत होतं. लॅपटॉप बंद करून पळून जावं, असंही एकदा वाटून गेलं.

मग पडद्यावरच्या माणसाने एका घरापुढे उभं राहून काहीतरी विचारलं, आणि पुढच्याच पोत्यावर बसलेली भिवराबाई जागी झाली. भिवराबाई म्हणजे संस्थेची सर्वांत जुनी सभासद, नवऱ्यामागे दोन म्हशींवर घर ओढलेली. जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती होती. ती मोठ्याने म्हणाली, की बिचारा मघापासून घरोघर चहा मागतोय आणि कुणी देईना. कसली ही माणसं. गोदाम हसलं. गहिनीनाथने घाबरत घाबरत सांगितलं, की तो 'चाह' म्हणतोय, त्यांच्या भाषेत चाह म्हणजे विहीर. त्याच्या गावचं पाणी गेलंय आणि तो विहीर विचारत हिंडतोय. तसे तंबाखू मळणारे हात थांबले. त्या माणसाचा रस्ता आता लोकांना समजला होता.

गहिनीनाथला जरा हायसं वाटतंय तोच भोंगा वाजला. सिनेमात त्या जागी डोंगराच्या पलीकडून एका ट्रकचा भोंगा येतो. ट्रक दिसत नाही, कधीच दिसत नाही. जगात ह्या भोंग्यावर लोकांनी लेख लिहिलेत, आणि गहिनीनाथच्या प्रबंधात तर एक अख्खं प्रकरण त्यावर होतं. गावाने ते प्रकरण वाचलं नव्हतं. "टँकर आला" असा एकच कल्ला उठला आणि गोदाम भांड्यांच्या खणखणाटात रिकामं झालं. आश्रुबा हात पसरून दारात उभा होता, त्यालाही लोकांनी बाजूला सारलं.

पारावर टँकर नव्हता. लोक शिव्या देत उन्हात उभे राहिले. गहिनीनाथ धापा टाकत मागून गेला आणि भोंगा सिनेमातला होता हे त्याने कसंबसं सांगितलं. त्याला वाटलं, आता लोक चोपतील. पण भिवराबाईला हसू फुटलं, तिचं पाहून बाकीच्यांना, आणि मग हसता हसता सगळ्यांनी घागरी पाराशीच नंबराला लावल्या. टँकर येईल तेव्हा येईल, इथं तळण्यापेक्षा गोदामात सावली तरी आहे, असं म्हणत लोक परत आले. आणि आल्यावर असे बसले, की मघाचे हेच का, असा प्रश्न पडावा. त्या माणसाला विहीर सापडते का, ह्यावर कुजबुज चालली. सिनेमानं आपल्याला फसवलं ह्याचा त्यांना रागापेक्षा अचंबा जास्त वाटत होता.

साहेब आले ते घामाघूम होऊन. आश्रुबाने सिनेमा थांबवायला सांगितला, तर साहेबच म्हणाले, की चालू द्या, आधी हजेरीच्या सह्या ताडून घेतो, मग हात मोजू. ते दारापाशी टेबलावर बसले. आश्रुबा त्यांच्यामागे उभा राहून एकेका माणसाकडे बोट दाखवू लागला. माणसं पुरत होती. काठावर, पण पुरत होती. गहिनीनाथने लांबूनच बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला तिथं रंग दिसला.

त्याच वेळी भोंगा वाजला.

लांबून आला, पाराच्या बाजूने. पडद्यावर तो माणूस एका ओसाड वाडीत बसला होता आणि वारा वाहत होता. लोकांनी चुळबुळ केली, दोघातिघांनी माना वळवल्या. उठलं मात्र कुणी नाही. एकदा फसलेलं गाव पुन्हा फसायला तयार नव्हतं. सगळ्या गोदामात एकट्या गहिनीनाथला माहीत होतं, की ह्या सिनेमात भोंगा एकदाच वाजतो. ह्या वाडीत फक्त वारा आहे आणि नंतर एका गाढवाच्या गळ्यातली घंटा आहे. त्याने हा सिनेमा इतक्यांदा ऐकला होता, की झोपेतही चुकला नसता.

आश्रुबा घाईघाईने लॅपटॉपपाशी आला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"गहिनी, ह्यो भोंगा पिच्चरमदलाच हाय का?"

गहिनीनाथने टेबलावरच्या साहेबांकडे पाहिलं. नाही म्हटलं तर माणसं जाणार, साहेब फाइल मिटणार, आणि बापाच्या उभ्या जन्माला कुलूप लागणार. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, टँकर तेवढा थांबेल, असं त्याने मनाशी म्हटलं. टँकर थांबत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

"हो अण्णा," तो म्हणाला, "पिच्चरमदलाच हाय."

आश्रुबा ताठ उभा राहिला आणि त्याच्या ठेवणीतल्या, सभेतल्या आवाजात म्हणाला, "बसा, बसा. टँकर न्हाई. पिच्चरमदला भोंगा हाय."

आश्रुबाने सांगितल्यावर कोण शंका घेणार? लोक बसले. साहेबांनी मान हलवली. आश्रुबाने सिनेमा बंद करायची खूण केली, पण गहिनीनाथ म्हणाला, की शेवटचं चाललंय, राहू द्या. आणि त्याने आवाज वाढवला. भजनी मंडळाच्या कर्ण्यांतून इराणातला वारा घोंघावू लागला. त्या घोंघाटात आश्रुबाने ठराव वाचला, लोकांनी हात वर केले, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात त्या हातांच्या सावल्या पडद्यावरच्या डोंगरावर पडल्या. वाऱ्याच्या आत कुठेतरी भोंगा पुन्हा वाजल्यासारखं गहिनीनाथला वाटलं. त्याने पडद्यावरची नजर हलवली नाही.

ठराव झाला. साहेबांनी सही केली, आश्रुबाच्या गळ्यात कुणीतरी हार घातला, चतुराबाईने पदराने डोळे टिपले. लोक उठून बाहेर पडले आणि पाराकडे वळले. तिथं घागरी नंबराला तशाच्या तशा होत्या, कोरड्या. पारापासून पुढे रस्त्यावर एक ओली रेघ गेली होती आणि उन्हात ती पाहता पाहता वाळत होती. पायाने अधू असल्यामुळे पारावरच राहिलेला धुळाजी सांगत होता, की आलता ना, लई भोंगा वाजवला, मी हाका मारल्या, पण कर्ण्यापुढं माझं कोण ऐकतंय. मग गेला म्होरच्या गावाला. आता परवापर्यंत येणार नव्हता.

लोकांनी कुणाला बोल लावला नाही. तेच तर गहिनीनाथला सोसेना. आपणच खुळे, असं ते एकमेकांना म्हणत होते. भिवराबाईने आपली रिकामी कळशी काखेत मारली आणि जाता जाता त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"लई खरा पिच्चर हाय बाबा तुझा," ती म्हणाली. "आमाला खरा टँकर बी खोटा वाटला."

मार्गदर्शक बाईंना हे ऐकवलं असतं तर त्या खुर्चीतून उठल्या असत्या. पडद्यातला आवाज आणि जगातला आवाज ह्यांतलं अंतर पुसणारा प्रेक्षक! शेवटच्या प्रकरणाला ह्याहून मोठा पुरावा साऱ्या जगात कुणाला मिळाला नव्हता, आणि त्यातलं एक अक्षरही गहिनीनाथला लिहिता येणार नव्हतं.

पारापाशी आता बापलेक दोघंच उरले. आश्रुबा त्या वाळत्या रेघेकडे बघत होता. हार अजून गळ्यातच होता.

"भोंगा किती येळा हाय त्या पिच्चरमदी?" त्याने विचारलं.

गहिनीनाथला वाटलं, अजूनही खोटं बोलता येईल. मग वाटलं, नाही येणार.

"एकदाच," तो म्हणाला.

आश्रुबाने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो रागावला नाही. त्याचा आवाज अगदी साधा होता.

"तिथं साहेब व्हते, सरपंच व्हते," तो म्हणाला. "मी कुणालाच इचारलं न्हाई. म्हनलं, आपल्या गहिनीचा अभ्यास हाय. त्यालाच इचारावं."