पेट्रोल पंपावरची 'पिण्याचे पाणी' पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. शाळेत तुम्ही अक्षरं गिरवता ती नव्हे, भिंतीला ठोकतात ती लोखंडी पाटी. निळ्या अंगावर पांढरी अक्षरं आहेत आणि शब्द दोनच, 'पिण्याचे पाणी'. त्याखाली एक नळ आणि नळाखाली पेला काढलेला आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, म्हणून ते चित्र. हल्ली लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात, 'किती सुंदर' म्हणतात. मला त्या कौतुकाचा राग येतो. का येतो, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. पत्र्यावर काचेच्या पुडीचा रंग चढवून मला तीनदा भट्टीत भाजलं. ज्याने मला भट्टीतून बाहेर काढलं तो कारागीर म्हणाला होता, "ही ऊन-पावसाला दाद देणार नाही. हिला माणसानेच हलवलं तर हलेल." त्याचं बोलणं खरं ठरलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी अभयकुमारशेठ यांनी पारोळ्याहून एरंडोलला जाणाऱ्या रस्त्यावर पेट्रोल पंप काढला. त्यांचे वडील मारवाडातून आलेले. त्यामुळे पाणी म्हणजे काय हे त्या घराला कुणी शिकवायला नको होतं. ती जागा त्यांनी घेतली तीच मुळी तिथल्या विहिरीकडे पाहून. दुष्काळातही ती आटली नव्हती. पंपाच्या यंत्राआधी त्यांनी निंबाखाली विटांचा ओटा बांधला, त्यावर दोन मोठे रांजण बसवले आणि मागच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेन अशी, मला ठोकलं. गाड्यांत पेट्रोल भरायला झिपरू नावाचा माणूस ठेवला आणि रांजण भरायला त्याची बायको शेवंताबाई. ती तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. शेठ तिला म्हणाले, "शेवंता, पेट्रोल संपलं तर लोक पुढच्या पंपावर जातील. पाणी संपलं तर कुठे जातील? रांजण रिकामा दिसता कामा नये."

तो रिकामा मी कधी पाहिला नाही. खानदेशातला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी डांबर मऊ होतं, चपलेला चिकटतं. ट्रकवाले, एसटीचे प्रवासी, मेंढरं घेऊन निघालेले ठेलारी, पद्मालयाच्या गणपतीला पायी जाणारे, सगळे लांबून मला बघायचे आणि पाय उचलायचे. शेवंताबाईला वाचता येत नव्हतं. पण रोज सकाळी ओल्या फडक्याने ती मला पुसायची आणि एकेका अक्षरावरून असा हात फिरवायची, जणू पाठ करते आहे.

एकदा भर मे महिन्यात पिंपळनेरकडच्या वऱ्हाडाचा ट्रक तिथे बंद पडला. साठ-सत्तर माणसं, त्यांत लहान मुलं, आणि नवरीला उन्हाने भोवळ आलेली. शेवंताबाईने त्या दुपारी विहिरीच्या किती खेपा केल्या ते मोजायला कुणाला सवड नव्हती. ट्रक निघाला तेव्हा नवरीचा बाप ओटीचा नारळ घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

ती म्हणाली, "पाणीना कोणी नारळ लेस का, भाऊ?"

त्या माणसाने तिला हात जोडले. मग वर माझ्याकडे पाहून मलाही जोडले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं कौतुक ते. त्यानंतर झालेलं सगळं कौतुक मला टोचत आलं आहे.

अभयकुमारशेठ गेले. काही वर्षांनी झिपरूही गेला. मग बायपास झाला आणि गाड्या एका दिवसात दिसेनाशा झाल्या. शेठच्या नातवाने, पारसने, नव्या रस्त्यावर नवा पंप घेतला. जुन्या पंपाची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या, गवत वाढलं. पंपामागच्या खोलीत म्हातारी झालेली शेवंताबाई एकटी राहिली. तिला कुणी ठेवलं नव्हतं आणि कुणी जायलाही सांगितलं नव्हतं. रांजण मात्र ती भरत राहिली. कारण बायपास झाल्यावर एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. एसटी आता गावकऱ्यांना बायपासच्या फाट्यावर उतरवत असे आणि जुन्या रस्त्यावरच्या गावांत जायला त्यांना तिथून पंपावरून कोस-दीड कोस पायी यावं लागे. गाड्या संपल्या होत्या, तहानलेले वाढले होते.

मग एके सकाळी एक टेम्पो आला. त्यातून पारस उतरला आणि त्याच्याबरोबर धुळ्याचा भूपेंद्र. भूपेंद्र जुन्या वस्तू गोळा करून विकतो. पारसने त्याला सगळा पंप दाखवला. हाताने फिरवायचं जुनं यंत्र, त्यावरचा काचेचा गोल दिवा, तेलाचे डबे, पितळी नरसाळं, गंजलेल्या जाहिराती. भूपेंद्र एकेक वस्तू हातात घेऊन हरखत होता. गंज असला तर जास्तच. मग तो माझ्यासमोर आला. त्याने खिशातला रुमाल काढून मला पुसलं.

"पन्नास वर्षांची असेल, आणि एक टवका उडालेला नाही," तो म्हणाला. "पारसशेठ, बाकीचं राहू द्या, ही आधी काढू."

शेवंताबाई घागर घेऊन विहिरीवरून येत होती. तिने घागर खाली ठेवली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"पारसभाऊ, पाटी गयी ते येणाऱ्याले कसं समजी, आठे पाणी शे म्हनीसन?"

"अक्का, आता या रस्त्याने येतं कोण?"

"येतस ना. पायी चालणारा येतस. तुम्ही गाडीमा ऱ्हातस, तुम्हले ते कसा दिसतीन?"

पारस हसला. तो वाईट वागला असं मी म्हणणार नाही. आवाजही त्याने चढवला नाही. "तुम्हाला नवी पाटी करून देतो, फ्लेक्सची. हिच्यापेक्षा मोठी."

"कव्हय?"

"पुढच्या आठवड्यात."

माझे खिळे निघाले. भूपेंद्र मजुरांवर ओरडत होता, "हळू! सांभाळून!" मला त्यांनी गोधडीत गुंडाळलं. इतकं जपून मला आयुष्यात कुणी हाताळलं नव्हतं आणि त्या जपण्यातच मी फसले होते. एक रांजणही त्यांनी उचलला, भूपेंद्रचं गिऱ्हाईक असलेल्या एका हॉटेलच्या दारात झाडं लावायला. दुसऱ्याला हात घालायला गेले तेव्हा शेवंताबाई खाली बसली आणि तिने रांजणाला दोन्ही हातांनी मिठी मारली. "हाऊ नई भेटाव," एवढंच ती म्हणाली. मजूर मागे सरले. भूपेंद्रने तिला रांजणासोबत एक फोटो काढू द्या म्हटलं, तर तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

तेव्हापासून मी जळगावच्या एका मोठ्या हॉटेलात आहे. मालकाने आतून सगळा पेट्रोल पंपच उभा केला आहे. वाढणारे पोरगे खाकी गणवेश घालून फिरतात. मला हात धुण्याच्या बेसिनवर लावलं आहे, कारण माझ्यावर नळाचं चित्र आहे. माझ्या खालीच एक छोटा कागद चिकटवला आहे, 'हे पाणी पिण्यासाठी नाही'. एकदा एक लहान मुलगी मला वाचून ओंजळ पुढे करून उभी राहिली, तर तिच्या आईने तिचा हात मागे ओढला. पन्नास वर्षांत माझ्याकडे पाहून कुणी फसलं नव्हतं.

या जूनमध्ये पारस आणि त्याची बायको पलक इथे जेवायला आले आणि बेसिनजवळच्या टेबलावर बसले. पारस वैतागलेला होता.

"माझी काय चूक?" तो म्हणत होता. "जुन्या पंपाची जागा विकायची म्हणून भोवती पत्रे मारले. सगळेच मारतात. अक्काला मागून वाट ठेवली होती. तो माणूस बाहेर येऊन बसला, ते मला कसं कळणार?"

त्याच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. मे महिन्यात मगन नावाचा एक परगावचा माणूस फाट्यावर उतरून पायी निघाला होता. पुढच्या गावी त्याची मुलगी बाळंत झाली होती; नातू बघायला चालला होता. दुपारी ऊन सोसेना म्हणून तो पत्र्यांच्या सावलीला टेकून बसला. पत्र्यांपलीकडे निंबाखाली भरलेला रांजण होता. रांजणाशेजारी शेवंताबाई होती. त्याला ते कळायला काही मार्गच नव्हता. संध्याकाळी गुराख्याला तो सापडला, तेव्हा उशीर झाला होता.

पलकने मान वर करून मला वाचलं. "ही तिथलीच ना?"

"हो."

"आणि अक्कांना दुसरी देणार होतास?"

"राहून गेलं," पारस म्हणाला.

पलक पुढे जेवली नाही. आठ दिवसांनी ती एकटीच आली आणि हॉटेलमालकाकडे मला परत मागू लागली. ती जुन्या पंपावर जाऊन आली होती. "म्हातारीने दोन पत्रे स्वतः उपसून काढलेत," ती सांगत होती. "त्या फटीत बसून असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते, पाणी शे रे भाऊ, पेई जा. मला म्हणाली, 'दहा पावलंवर बसेल व्हता तो, माय. माले समजनंच नई.' हेच म्हणत राहिली. मी फ्लेक्स लावला होता, तो पारसने काढायला लावला. जागा घेणारे बघायला येतात, पाणपोई दिसली तर उद्या लोक हक्क सांगतील म्हणतो."

मालकाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, तिथे लावली तर दोन दिवसांत चोरीला जाईल. इथे निदान जपली तरी जाते."

"जपून काय करणार तिचं?" पलकने विचारलं. तरी पाटी त्याने दिली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. जुनी वस्तू आवडली तर खुशाल जपा. पण भिंतीवरून काढण्याआधी विचारा, ती अजून कुणाच्या उपयोगी पडते का? आणि एवढं माझं काम करा. शेवंताबाई सत्तरीची झाली आहे, तिचा आवाज बसत चालला आहे. त्या रस्त्याने कधी गेलात तर ते पत्रे दिसतील, लांबच लांब आणि कोरे. खडूने, कोळशाने, जे हाताशी असेल त्याने त्यावर दोन शब्द लिहा. एकाने लिहिलेलं पुसलं गेलं तर दुसऱ्याने लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. आत पाणी आहे.