लिहिलेल्या पट्टीत

दादाने पियानोचं झाकण दोन्ही हातांनी धरून खाली आपटलं. वाजवत बसलेल्या धाकट्या बहिणीने डावा हात वेळेत काढला, उजवा राहिला. आत काहीतरी कडकन मोडलं आणि दाबल्या गेलेल्या स्वरांचा बेढब कल्लोळ खोलीभर घुमत राहिला.

"खाली? मी खाली गाऊ, चिंगे?" दादा ओरडला. "तीस वर्षं याच पट्टीत गातोय मी! लोक तिकिटं काढून येतात!"

डाव्या हाताने झाकण उचलून तिने बोटं बाहेर काढली. मधलं बोट आणि अनामिका भलत्याच दिशेला बघत होती. दादाने स्वरलिपीचा गठ्ठा तिच्या तोंडावर फेकला, खुर्चीला लाथ घातली आणि दार आपटून तो निघून गेला. सकाळचे अकरा वाजले होते. कार्यक्रम पाच वाजता होता.

चूक तिचीच होती, म्हणजे तिच्या धंद्यातली. साथीदाराने काही गोष्टी करायच्या असतात, बोलायच्या नसतात. गायक कडवं विसरला तर आपणही ते गिळून पुढे जायचं. त्याचा दम संपला तर घाई आपणच केली असं भासवायचं. आणि त्याचा आवाज वर पोचेनासा झाला, तर मुकाट्याने सगळं गाणं खाली उतरवायचं; कागदावर एक, बोटांत दुसरं. अकरा वर्षांपूर्वी तिने अर्धा सूर उतरवला होता. मग एक. आता दीड. दादा पियानोवरून पहिला सूर उचले आणि गाऊ लागे, त्याला कधी पत्ता लागला नाही. वर्तमानपत्रं लिहीत, अठ्ठावन्नाव्या वर्षीही आवाजाची उंची तीच. आज शेवटच्या गाण्यात, फाशी जाणारा कैदी आईला हाक मारतो त्या जागी त्याचा आवाज फाटला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दादा, आणखी थोडं खाली घेऊ या का?"

डॉक्टरीणबाईंनी हाताचा फोटो उजेडात धरला. गेल्या वर्षीची बरगडी आणि त्याआधीचे भुवईवरचे टाके, दोन्हींवर इलाज त्यांनीच केला होता.

"या वेळी काय पडलं अंगावर?"

"झाकण."

"तुमच्या घरातलं सामान फारच तापट आहे हो."

ती कसनुशी हसली. "पुन्हा वाजवता येईल ना मला?"

डॉक्टरीणबाई दोन्ही बोटं ताठ बांधत राहिल्या. "घरकाम जमेल. मधलं बोट येईल ताळ्यावर. अनामिका पूर्वीसारखी वाकेल असं खोटं कशाला सांगू?"

बाहेरच्या बाकावर बसून ती रडली. सहाव्या वर्षापासून तिने दुसरं काही केलं नव्हतं. आईने जाताना एवढंच म्हटलं होतं, दादाला सांभाळून घे, आणि ती घेतच आली होती. रडून झाल्यावर तिला राग आला, इतका की तिची तिलाच भीती वाटली. तिला तेच झाकण दिसत होतं आणि त्याखाली दादाची मान. ते चित्र तिने बराच वेळ मनातून घालवलं नाही.

तीन वाजता सभागृहामागच्या खोलीत बदली साथीदार आले. संगीतशाळेत शिकवणारे चष्मेवाले सर, घामाने डबडबलेले. कार्यक्रमाआधी तीन तास दादा तोंडातून शब्द काढत नसे, त्यामुळे तालमीचा प्रश्नच नव्हता. तो चिठ्ठ्या लिही. पहिली चिठ्ठी तिच्या हातात आली. 'याला सगळं सांग. चुकला तर याचेही हात मोडीन.' पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं होतं.

सरांनीही ती वाचली. "ताई, मी जातो कसा," ते पुटपुटले.

"बसा हो. मी आहे ना."

तिने त्यांना बोळात नेऊन सगळं सांगितलं. आठही गाण्यांत दादा श्वास कुठे घेतो, कुठे चोरतो, तिसऱ्या गाण्यात दुसरं कडवं कसं हमखास खातो. सर कागदावर खुणा करत गेले. त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

"आणि पट्टी?" त्यांनी शेवटी विचारलं. "काही गायक खाली घेतात म्हणून आपलं विचारतो."

अर्धवट उघड्या दारातून दादा दिसत होता. गळ्याशी बो-टायची गाठ जमेना, तेव्हा त्याने तो ओरबाडून काढला आणि मदतीला आलेल्या कपडेवालीचा हात झटकला. ती बाई भिंतीवर आदळली आणि कोपर चोळत तिथेच उभी राहिली.

"कागदावर आहे तीच," ती सरांना म्हणाली. "तीस वर्षं तो याच पट्टीत गातोय."

"शेवटचं गाणं फार वर जातं हं."

"हो. फार वर जातं." डाव्या हाताने तिने त्यांचे कागद सारखे केले. "तुम्ही एक सूरही इकडचा तिकडे करू नका. त्याने विचारलंच तर मी सांगितलं म्हणून सांगा."

पाच वाजता ती पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये बसली. दादा टाळ्यांच्या गजरात आला, झुकला, छाती भरून उभा राहिला. सरांनी पहिले स्वर वाजवले. अकरा वर्षांत तिने ते त्या जागी ऐकले नव्हते.

दादाने सूर उचलला. दुसऱ्याच ओळीला त्याच्या मानेवरची शीर टरारून वर आली. तो झर्रकन पियानोकडे वळला. सर मान खाली घालून कागदावरचं वाजवत होते. मग त्याची नजर प्रेक्षकांत फिरली आणि तिच्यावर येऊन थांबली. त्या नजरेत आधी संताप होता. पुढच्या ओळीला तो राहिला नाही, नुसती भीती राहिली. अशी भीती तिने त्याच्या डोळ्यांत लहानपणी कधीतरी पाहिली असेल तेवढीच.

तिने नजर वळवली नाही. अजून सात गाणी बाकी होती. बांधलेला हात मांडीवर नीट ठेवून ती ऐकू लागली.