मधोमध पडलेला डाग

मी शहापुरातल्या एका विणकराच्या घरातला कॅमेरा बोलतोय. चंदेरी रंगाचा, खिशात मावणारा. हल्ली सगळे मोबाइलवर फोटो काढतात. पण बारा-तेरा वर्षांपूर्वी नीलमने मला आणलं, तेव्हा गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या होत्या.

नीलम म्हणजे गुंडूआप्पा आणि सत्यवती यांची एकुलती एक मुलगी. तिने मला आईच्या हातात दिलं. "आई, मागावरनं साडी उतरली की फोटो काढत जा. व्यापाऱ्यांना मी पाठवते."

सत्यवती पंधरा दिवसांत शिकली. साड्यांचे फोटो, मग शेजाऱ्यांच्या बारशांचे, नीलमच्या लग्नाचेही. सगळ्यांना समोर उभं करायची. स्वतः कायम माझ्या पाठीमागे.

घरात दोन माग धडधडत. सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत. मला चालू केलं की माझी भिंगाची नळी पुढे सरकते आणि सरकताना बाहेरची हवा आत ओढते. अशाच एका ओढीत एक तंतू आत गेला आणि सेन्सरवर बसला. सेन्सर म्हणजे माझ्या पोटातला नखाएवढा तुकडा. चित्र उमटतं ते त्याच्यावर. तेव्हापासून प्रत्येक फोटोत मधोमध, जरा वरच्या अंगाला, काळपट डाग दिसू लागला.

व्यापाऱ्याचा फोन आला. "अक्का, साडीला डाग हाय व्हय?"

"साडी चोख हाय ओ! डाग क्यामेऱ्याच्या पोटात हाय."

तिने पदराने भिंग पुसून पाहिलं. उपयोग झाला नाही. मग तिने युक्ती काढली. साडीचा काळा काठ बरोबर त्या जागी येईल असं मला धरायची. डाग काठात मिसळून जायचा. माणसांचे फोटो काढताना तो मागच्या दाराच्या अंधारात ढकलायची.

गेल्या श्रावणात ती नवी जांभळी साडी नेसून दारात उभी होती. आप्पांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला उचललं. "थांब गं, आज तुझा काढतो."

ती लाजून हसली. "अवो, जरा बाजूला धरा, मधी त्यो…"

आप्पांनी बटण दाबलं होतं. डाग तिच्या डाव्या डोळ्यावर पडला.

"ऱ्हाऊ दे, पुन्हा काढू," ती म्हणाली आणि चुलीवरचं दूध बघायला आत गेली.

त्यानंतर विसाव्या दिवशी मागावर बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सारं संपलं होतं.

भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर तिचा एकटीचा असा एवढा एकच. डाग काढून घ्यायला आप्पांनी मला कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या भावकूच्या दुकानात नेलं. त्याने माझे स्क्रू काढले, फुग्याने हवा मारली आणि कुंचल्याच्या टोकावर तो तंतू धरून दाखवला. "हे बघा आप्पा. तुमच्याच मागाचा."

आप्पांनी मला घाईघाईने चालू केलं आणि तोच फोटो उघडला.

"अजून हाय की रं डाग!"

भावकू हळू आवाजात म्हणाला, "मी क्यामेरा साफ केला, आप्पा. फोटो तवाच काढून झालाय, त्यातला डाग तसाच ऱ्हाणार."

"मग दुसरा काढावा लागंल," आप्पा म्हणाले. आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते दुकानाच्या पायरीवर बसले. भावकूने पाणी दिलं. ते तसंच हातात राहिलं.

नीलमने मोबाइलवर डाग पुसून दाखवला. तिथे सुंदर डोळा आला. आप्पा बराच वेळ बघत राहिले. "ह्यो तिचा न्हाय. हाय तसाच लाव."

आता मी कपाटात असतो. आत एक कण नाही, पण मला कुणी बाहेर काढत नाही. आप्पांना मी दोष देत नाही. तुम्हाला मात्र एक मागतो. तुमच्या घरात जी सगळ्यांचे फोटो काढते, तिच्या हातातून आज कॅमेरा घ्या. तिला समोर उभं करा. आणि ती काही सांगत असेल, तर आधी तिचं बोलणं पुरं होऊ द्या.