वाकडी तोटी

रेडिएटरखालच्या पाईपवर पाणी काढायची एक पितळी तोटी होती. तिचा सांधा गळायला लागला, तोही नेमका टोरकेल यायच्या दिवशी. हिल्डुरनं भरलेलं वाडगं ओतून आणलं आणि मेल्या तोटीला मनसोक्त शिव्या घातल्या.

मागच्या खेपेला मुलगा बजावून गेला होता, "आई, पुन्हा गळती झाली तर घर विकायचं आणि तू शहरातल्या वृद्धनिवासात यायचं." टोरकेल बस चालवायचा, ठरलेला रस्ता सोडायची त्याला सवय नव्हती. पण त्याचं तरी काय चुकलं? गेल्या हिवाळ्यात असंच गळून गळून बॉयलर थंड पडला होता. तो आला तेव्हा ही बाई अंगावर तीन कोट चढवून, ओठ निळे पडलेले असताना, "काही झालं नाही रे," म्हणत खुर्चीत बसलेली.

आजही बाहेर उणे वीस होतं. तरी घर सोडायचं म्हटलं की तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. तिचा दिवंगत नवरा आर्विड गावचा प्लंबर. इथला एकेक पाईप त्यानं जोडला होता आणि तिनं शेजारी बसून बॅटरी धरली होती.

तिनं तळघरात जाऊन या खोलीचं पाणी बंद केलं, तोटी काढली, आट्यांवरचा कुजका धागा खरवडला. जवसाचा नवा धागा गुंडाळून वर सांधा बुजवायचं मलम चोपडलं आणि पान्यानं आवळत नेलं. सांधा घट्ट झाला, पण तोटीचं तोंड भिंतीकडे कललेलंच राहिलं. आणखी पुढे रेटायला मनगटात जोर नव्हता, आणि मागे तर घ्यायचीच नव्हती. जवसाचा सांधा एकदा आवळला की केसभरही उलटा फिरवायचा नाही. फिरवला की गळालाच म्हणून समजा. आर्विडच्या हाताखालच्या प्रत्येकाचा पहिला धडा हाच. राहू दे वाकडी, ती म्हणाली आणि पाणी सोडलं.

टोरकेल आला तो बूट काढता काढताच पान्याकडे बघत.

"पुन्हा गळलं?"

"गळलं. केलं दुरुस्त."

"गाडीत रिकामी खोकी आणलीयत, आई."

"गाडीतच राहू देत. बाबा सांधा तपासायला गुंडाळायचे तसा कागद गुंडाळ. कॉफी होईपर्यंत भिजला, तर मुकाट्यानं येते तुझ्याबरोबर."

"आणि कोरडा राहिला तर?"

"तर तू हा विषय जन्मात काढायचा नाहीस."

"कबूल," तो म्हणाला आणि सांध्याभोवती कागद गुंडाळायला बसला. ती कॉफी ठेवायला स्वयंपाकघरात गेली.

दोघं तिथंच समोरासमोर बसून प्यायले. वेलचीचा पाव तिनं कुस्करून ठेवला, खाल्ला नाही. पाईप तापताना टकटक करत होते आणि प्रत्येक आवाजाला ती दाराकडे बघत होती. टोरकेल एरवी दोन पाव चापणारा. आज एकही उचलेना.

बाहेरच्या खोलीत जाऊन बघतात तो कागद चिंब.

"कोट घाल, आई," तो खिडकीकडे बघत म्हणाला.

हिल्डुर कागद बघायला गुडघ्यांवर बसली, आणि तेव्हा तिला तोटीचं तोंड दिसलं. नीट खाली, अगदी ओळंब्यात.

"टोरकेल, सरळ कुणी केली ही?"

"वाकडी दिसत होती."

"आणि जवसाचा सांधा उलटा फिरवला म्हणून बाबांची थप्पड कुणी खाल्ली होती?"

तो भिंतीला टेकून खाली बसला, पन्नाशी उलटलेला माणूस.

"मुद्दाम केलं," तो म्हणाला. "थंडी वाढली की बस चालवताना मला तू त्या खुर्चीत दिसतेस. निळी. दर फोनला वाटतं, झालं, आई गेली. मला भीती वाटते गं."

तिला त्याचा संताप आला होता, अगदी कानशिलं तापली होती. पण तिच्याशी तर तो लहानपणीही असं कधी बोलला नव्हता.

"आईला फसवायला आला होतास," ती म्हणाली. "लाज वाटू दे. आणि पाना उचल."

त्यानं तळघरात जाऊन पाणी बंद केलं. ती बॅटरी धरून बसली; धागा त्यानं गुंडाळला, आवळला त्यानं. तोटी या वेळी पार खिडकीकडे तोंड करून थांबली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि त्यानं पाना खाली ठेवला. मग पाणी सोडून नवा कागद गुंडाळला. कॉफीला कुणीच उठलं नाही. जमिनीवर बसून दोघांनी कागदावरची नजर काढली नाही, ते पार अंधारून येईपर्यंत.

कागद कोरडा होता. टोरकेलनं तो दोनदा चाचपला, मग गाडीतली खोकी आणून तळघरात नेली आणि फाडून बॉयलरच्या आगीत घालायला लागला. ती कठड्याला धरून पायऱ्या उतरली.

"रोज सकाळी तुझी बस सुटायच्या आधी मी फोन करीन," ती म्हणाली. "नाही आला, तर नवी खोकी घेऊन ये. मी भांडणार नाही."

"नक्की?"

"मी सांधे उलटे फिरवत नाही," हिल्डुर म्हणाली आणि पुढचं खोकं त्याच्या हातात दिलं.